प्रांगोदीय म्हणजे काय रे भाऊ?

मॅगझिनच्या मराठी विभागासाठी लेख दे असं सीआरने मला सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग हसला. मी पण हसले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये. शाळेत मराठी बोलताना सापडलं की दहा रुपये फाइन, आणि मराठीच्या पेपरला गाईड पाठ करून पास. त्यामुळे मित्रांनो, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण लेख द्यायचं मी कबूल केलं त्याला कारण आहे. मागच्या वर्षी एका मराठी शब्दापायी आमच्या घरी मोठा घोळ झाला, तो माझ्यामुळे झाला, आणि तो निस्तरताना मला डॉ. रघुवीर भेटले. म्हणजे पुस्तकात भेटले. ते जाऊन साठ वर्षं उलटली.

आधी घोळ सांगते. आमची आजी यवतमाळला असते. वय ७६, डायबिटीस, पण ऐकणारी नाही. तिला दवाखान्यातून आहाराचा एक छापील कागद मिळाला. त्यात लिहिलं होतं की आहारातली कर्बोदके कमी करावीत. आजीला वाचता येतं, रोज विष्णुसहस्रनाम म्हणते, पण कर्बोदके हा शब्द तिला अडला. घरात शिकलेली म्हणून तिने मला फोन केला. माझं तेव्हा सबमिशन चालू होतं, तीन जर्नल्स बाकी होती. मी कानाला फोन लावून डोकं लढवलं. कर्ब म्हणजे कार्बन असणार. उदक म्हणजे पाणी, हे आजीनेच सांगितलं. कार्बनवालं पाणी म्हणजे कार्बोनेटेड वॉटर! मी एकदम कॉन्फिडन्टली सांगून टाकलं की आजी, सोडा, कोल्ड्रिंक वगैरे प्यायचं नाही, एवढंच. आजी खूश. तिने जन्मात सोडा प्यायला नव्हता. दोन वेळचा भात चालू राहिला, एकादशीची साबुदाण्याची खिचडी चालू राहिली, वरून चहात साखर. तीन महिन्यांनी टेस्ट केली तर शुगर पार वर गेलेली, आणि पायाला चपलेने झालेली जखम दोन महिने भरली नाही. बाबांनी कागद बघितला, आजीला विचारलं, तिने माझं नाव सांगितलं. बाबा रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

परत हॉस्टेलला आल्यावर मी लायब्ररीत गेले. मला बघायचं होतं की हा शब्द कोणी आणि का असा बनवला. लायब्ररीतल्या काकांनी मागच्या कपाटातून एक जाडजूड इंग्लिश-हिंदी कोश काढून दिला, धूळ झटकून. मराठी नव्हता, पण म्हटलं बघू. कार्बोहायड्रेट काढलं तर समोर प्रांगोदीय! मी मोठ्याने वाचलं आणि शेजारच्या टेबलवरची मुलं फिदीफिदी हसायला लागली. मग मी पहिलं पान उलटलं. हा प्रकार नक्की कुठला, दिल्लीचा की बनारसचा? नाव होतं नागपूरचं.

डॉ. रघुवीर मूळचे इकडचे नाहीत. त्यांचा जन्म ३० डिसेंबर १९०२ चा, रावळपिंडीचा. लाहोरला संस्कृत शिकले, मग लंडनला पीएचडी केली, हॉलंडलाही अभ्यास केला. परत येऊन लाहोरच्या सनातन धर्म कॉलेजात संस्कृत शिकवू लागले. कृष्ण यजुर्वेदाची एक जवळपास हरवलेली शाखा, कपिष्ठल-कठ संहिता, ती त्यांनी १९३२ साली संपादून छापली. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढली, त्यातलं विराटपर्व १९३६ साली त्यांनी संपादित केलं. विराटपर्व म्हणजे तेच, ज्यात पांडव नावं बदलून एक वर्ष राहतात आणि अर्जुन बृहन्नडा होतो. पुढे ज्या माणसाने मूलद्रव्यांची नावं बदलली त्याच्या वाट्याला नेमकं हेच पर्व यावं, याची मला गंमत वाटली. लाहोरलाच त्यांनी सरस्वती विहार नावाची संस्था काढली. जुन्या पोथ्या गोळा करायच्या, वाचायच्या, छापायच्या, असं तिचं काम.

इथपर्यंत हे एका पंडिताचं आयुष्य झालं. १९४० नंतर मात्र त्यांच्या डोक्यात वेगळंच घुसलं. देश स्वतंत्र होणार, मग फिजिक्स, केमिस्ट्री, कायदा, कारभार हे सगळं आपल्या भाषांत आणायचं कसं? तोपर्यंत प्रत्येक भाषेत जो तो आपापले शब्द करत होता. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात तर सगळी सायन्स उर्दूत शिकवत होते. रघुवीरांचं म्हणणं असं की बंगालीपासून तमिळपर्यंत सगळ्या भाषांना संस्कृत ओळखीची आहे, तेव्हा शब्द तिच्यातूनच काढा आणि एकदाच काढा, सगळ्यांना पुरतील.

त्यांची पद्धत आपल्या ब्रँचवाल्यांना लगेच कळेल. संस्कृतमध्ये उपसर्ग वीसेक, प्रत्यय ते धरायचे ऐंशी, आणि धातू पाचशेच्या वर. मी कॅल्क्युलेटरवर गुणाकार करून बघितला, वीस गुणिले ऐंशी गुणिले पाचशे म्हणजे आठ लाख होतात. समास करून दोन शब्द जोडले की आकडा कुठल्या कुठे जातो. यातले सगळे शब्द अर्थाचे निघत नाहीत, ते उघड आहे. पण मूळ सुटे भाग थोडे आणि त्यांच्या जोडणीतून हवी ती वस्तू, हे डिझाइन कोणत्याही इंजिनिअरला आवडेल. आपलाच शब्द घ्या ना. अभियंता. अभि हा उपसर्ग, यम् हा धातू म्हणजे ताब्यात ठेवणं, आणि तृ प्रत्यय. यंता म्हणजे संस्कृतात सारथी, घोडे आवरणारा. हा शब्द याच साच्यातला. आपल्या आयकार्डवर आपण चार वर्षं अभियांत्रिकी हा शब्द घेऊन फिरतो आणि कोणी हसत नाही. प्रांगोदीयला मात्र हसतो.

तर प्रांगोदीय. अंगार म्हणजे निखारा, कोळसा. त्याला प्र लावला की प्रांगार, हे त्यांनी कार्बनचं नाव ठेवलं. कार्बन हा शब्दही लॅटिनमधल्या कोळशावरूनच आलेला आहे. हायड्रोजन म्हणजे ग्रीकमध्ये पाणी निर्माण करणारा, तर त्यांचा शब्द उदजन. उद म्हणजे पाणी. गंमत म्हणजे हा उद आणि ग्रीकमधला हायड्र हे एकमेकांचे चुलतभाऊ आहेत, आणि इंग्लिशमधलं वॉटरसुद्धा त्याच कुळातलं. ऑक्सिजनला त्यांनी जारक म्हटलं. आपल्या जुन्या रसशास्त्रात धातू पचवण्याच्या क्रियेला जारण म्हणत, त्याच्याशी नातं सांगणारा हा शब्द. कार्बन डायऑक्साइड झाला प्रांगार द्विजारेय. आणि कार्बोहायड्रेटसाठी प्रांगाराचा प्रांग, पाण्याचा उद आणि शेवटी ईय, म्हणून प्रांगोदीय. शब्द हसण्यासारखा वाटतो खरा, पण प्रत्येक तुकडा जागच्या जागी आहे. आपल्या मराठीतला कर्बोदक पण याच नकाशावर बांधलेला आहे, कर्ब अधिक उदक, फक्त जिभेला सोपा.

आता खरा प्रश्न. भातात, बटाट्यात, पोळीत कोळसा आणि पाणी कुठून आलं? याचं उत्तर मला कोशात मिळालं नाही, बायोकेमिस्ट्रीच्या पुस्तकात मिळालं. एकोणिसाव्या शतकात युरोपातले केमिस्ट साखर, स्टार्च, कापूस असे पदार्थ जाळून त्यात काय किती आहे ते मोजत होते. त्यांना दिसलं की यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन बरोबर पाण्याच्या प्रमाणात असतात, दोनास एक. ग्लुकोजच्या रेणूत कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन ६. म्हणजे १८० ग्रॅम ग्लुकोजमध्ये ७२ ग्रॅम कार्बन आणि उरलेलं १०८ ग्रॅम म्हणजे जणू नुसतं पाणी. म्हणून १८४४ साली कार्ल श्मिट या केमिस्टने जर्मनमध्ये त्यांना कोलेनहायड्राट म्हटलं, कोळशाचे हायड्रेट. तेच इंग्लिशमध्ये कार्बोहायड्रेट झालं. पुढे कळलं की ग्लुकोजमध्ये पाणी असं वेगळं नसतंच. हायड्रोजन आणि ऑक्सिजन कार्बनच्या साखळीला वेगवेगळे लटकलेले असतात. शिवाय व्हिनेगरमधलं ॲसेटिक ॲसिड या हिशोबात बरोबर बसतं पण ते कार्बोहायड्रेट नाही, आणि डीएनएमधली डीऑक्सिरायबोज ही साखर हिशोबात बसत नाही तरी आहे. म्हणजे नावच मुळात चुकीच्या समजुतीवर ठेवलेलं. पण तोपर्यंत नाव रुळलं होतं.

हे वाचून मला माझ्या चुकीबद्दल जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. श्मिटपासून सगळे पाण्यातच फसले होते. पण त्यांच्या फसण्याने कोणाची शुगर वाढली नाही.

परत नागपूरकडे येऊ. १९४६ साली रघुवीर आपली संस्था घेऊन लाहोरहून नागपूरला आले. तेव्हा नागपूर मध्यप्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होतं, आणि त्या प्रांताचा कारभार इंग्लिशमधून हिंदी आणि मराठी अशा दोन भाषांत आणायचा होता. शब्दांची गरज इथे रोजची होती, ऑफिसातल्या फायलींना हवी होती. वर्षभरात फाळणी झाली आणि लाहोर पलीकडे गेलं. ते वर्षभर उशिरा निघाले असते तर त्यांच्या पोथ्यांचं काय झालं असतं, याचा विचारच नको. पुढची दहा वर्षं नागपूर हा शब्दांचा कारखाना होता. इथून वैज्ञानिक शब्दांचे कोश निघाले, सरकारी शब्दांचे निघाले, आणि १९५५ साली मोठा इंग्लिश-हिंदी कोश आला. एकूण शब्द लाखाच्या वर. मधल्या काळात ते घटना समितीत निवडून गेले, १९५२ पासून राज्यसभेत होते. आणि एवढ्या धबडग्यात १९५४ साली मुलगा लोकेशचंद्र यांच्याबरोबर जैमिनीय ब्राह्मण हा वैदिक ग्रंथ संपादून नागपुरातूनच छापला. मला सेमिस्टरचे पाच पेपर एकत्र झेपत नाहीत!

या शब्दांना लोक तेव्हाही हसले. रघुवीरी हिंदी ही शिवी झाली. नेहरूंनाही ही असली हिंदी पचत नव्हती. टायसाठी कंठलंगोट वगैरे शब्द त्यांच्या नावावर खपवले जातात. ते विनोद आहेत. ज्याने त्यांच्या कोशाची दोन पानं नीट वाचली असतील त्याला ते त्या शिस्तीतले वाटणार नाहीत. पण विनोद कोशापेक्षा जास्त टिकाऊ असतो. आपल्याकडे १९६० साली भाषा संचालनालय निघालं आणि १९६२ ला त्यांचा पदनाम कोश आला, तेव्हा महाराष्ट्रातही हेच झालं, लोक हसले. त्यातले निम्मे शब्द आज ऑफिसच्या दारावर पाटी म्हणून लागलेले आहेत.

माझं मत विचाराल तर मी अर्धी रघुवीरांच्या बाजूने आहे. जर्मन पोरगं ऑक्सिजनला आंबट पदार्थ आणि हायड्रोजनला पाणी पदार्थ अशा अर्थाच्या घरगुती शब्दांनी ओळखतं आणि त्यांच्या केमिस्ट्रीचं काही वाईट झालेलं नाही. आणि लांब कशाला, आमचे काका कापूसवाले शेतकरी, दहावी नापास. ते खताच्या दुकानात नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द असे बोलतात की जणू काही नात्यातली माणसं. मला स्फुरद म्हणजे फॉस्फरस हे गेल्या वर्षी कळलं. माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्ब किती हे ते आधी बघतात. म्हणजे त्या दिवशी आजीने मला फोन न करता काकांना विचारलं असतं तर निदान कर्ब तरी कळला असता. सोड्यापर्यंत ते गेले नसते.

उरलेली अर्धी मी त्यांच्या बाजूने नाही. त्यांची श्रद्धा अशी होती की शब्दाचे तुकडे ओळखीचे असले की अर्थ आपोआप कळतो. आजीला उदक माहीत होतं, मला कर्ब माहीत होता, आम्ही दोघींनी मिळून शब्द बरोबर फोडला आणि तरीही उत्तर सोडा आलं. शब्दाच्या पोटात जे आहे ते ताटात दिसत नसेल तर नुसत्या फोडीचा उपयोग नाही. दवाखान्याच्या कागदावर भात, पोळी, बटाटा, साबुदाणा, साखर असं लिहिलं असतं तर कोणाला रघुवीरही लागले नसते आणि मीही. पण मग सगळ्या धान्याकंदांना मिळून एक नाव लागतंच कुठेतरी, तेव्हा काय करायचं? इथे मी अडकते.

१९५५ साली ते चीनला गेले, तीन महिने फिरले आणि तिथून पोथ्या, ग्रंथ, वस्तूंचा मोठा साठा घेऊन आले. बौद्ध ग्रंथांमागे ते मंगोलियापासून इंडोनेशियापर्यंतच्या देशांचा मागोवा घेत होते. १९५६ साली राज्यांची फेररचना झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं, आणि त्याच वर्षी सरस्वती विहारही दिल्लीला गेला. नागपुरातला कारखाना बंद. चीनच्या धोरणावरून त्यांचं काँग्रेसशी बिनसलं, ते बाहेर पडले आणि पुढे जनसंघाचे अध्यक्ष झाले. त्या पदावर फार दिवस राहणं नशिबात नव्हतं. फर्रुखाबादच्या पोटनिवडणुकीत राममनोहर लोहिया उभे होते. त्यांच्या प्रचाराला जाताना १४ मे १९६३ ला कानपूरजवळ मोटार अपघातात रघुवीर गेले. वय फक्त साठ.

त्याच्या आधीच, १९६१ साली, केंद्र सरकारने वैज्ञानिक शब्दावलीसाठी आयोग नेमला होता. त्या आयोगाने मूलद्रव्यांची आंतरराष्ट्रीय नावं तशीच ठेवली. कार्बन कार्बन राहिला, ऑक्सिजन ऑक्सिजन. पायाच गेल्यावर वरची इमारत कशी राहणार? प्रांगार गेला तसे प्रांगोदीयही गेले, जारकही गेला. हिंदी पुस्तकांत आता कार्बोहाइड्रेट असंच छापतात. मराठीत मात्र कर्बोदके टिकली, शाळेच्या पुस्तकात, पेपरातल्या आरोग्याच्या पानावर, आणि दवाखान्याच्या कागदावर.

दिवाळीला घरी गेले तेव्हा आजीच्या पायाची जखम भरत आली होती. मी तिला प्रांगोदीय हा शब्द सांगितला. मला वाटलं हसेल. ती हसली नाही. तिने एका झटक्यात प्र, अंगार, उद असं फोडून दाखवलं आणि मग विचारलं की भातात अंगार कुठून आला बाई. हे तोंडी सांगून पटणार नव्हतं. शाळेत मॅडमनी साखरेवर सल्फ्युरिक ॲसिड ओतून काळा डोंगर फुगवून दाखवला होता, पण घरी ॲसिड कुठून आणणार. मी जुन्या पळीत चमचाभर साखर घेतली, गॅसवर धरली आणि वर थंड स्टीलची ताटली जरा तिरकी धरली. साखर वितळली, पिवळी झाली, लाल झाली, मग धूर आणि शेवटी पळीत काळा कोळसा. ताटली उलटी केली तर खाली पाण्याचे थेंब. आजीने बोट लावून बघितलं. बराच वेळ ती त्या थेंबांकडे आणि पळीकडे बघत होती. मग म्हणाली की भात अर्धी वाटी चालेल का ते विचारून सांग, आणि पळी आधी घासून ठेव.

पळी अजून निघाली नाही. तिच्या बुडाशी थोडा प्रांगार चिकटलेलाच आहे.